जाड्यांची पंगत

दूधवाला जिना उतरला की आमच्या घरात भांडण सुरू व्हायचं. मी स्टोव्हवर काचेची सिरिंज आणि सुई उकळायला ठेवायचे आणि बाबा गॅलरीत जाऊन उभे राहायचे, जणू समोरच्या चाळीत नेमकं त्याच घटकेला काहीतरी विलक्षण घडतंय.

"बाबा, या."

"आलो, आलो."

यायचे नाहीत. "बाबा, पाणी आटलं!" असं मी ओरडले की मग सदऱ्याची बाही वर करत, तोंड वाकडं करत यायचे. टोचून झालं की दंड चोळत म्हणायचे, "कसाई बरा. बकऱ्याला एकदाच मारतो." रोज हेच. मला कामावर जायची घाई, ट्राम गाठायची, आणि हे असे लहान मुलासारखे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

बाबांना मधुमेह होता. त्यांच्या वडिलांनाही तोच होता. आजोबांना मी पाहिलं नाही, पण बाबाच सांगायचे की शेवटच्या वर्षात ते हातात तांब्या घेऊन फिरायचे. प्यायचे, खाली ठेवायचे, लगेच पुन्हा उचलायचे. असे पाणी पीत पीत वाळत गेले आणि संपले. तेव्हा ही सुई नव्हती. हे सगळं बाबा आम्हांला डोळे पुसत सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गॅलरीत! याला काय म्हणावं?

आमचं घराणं गिरगावातलं जुनं. वाडीतली घरं कधीच दुसऱ्यांची झाली होती, घरातल्या पुरुषांनी जन्म हापिसांत काढला होता, बाबाही जकातीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. पण खाण्यात हात आखडता घ्यायचा नाही, एवढी एक इस्टेट शाबूत होती. डॉक्टरने सांगितलेला मूठभर भात बाबा निमूटपणे खायचे, आणि आईची पाठ फिरली की पातेल्यातली खरवड काढून खायचे. वर म्हणायचे, "खरवडीत कसली आलीय साखर?"

आणि मी, त्यांची मुलगी, बी.एस्सी. होऊन परळच्या एका प्रयोगशाळेत मधुमेही उंदीर सांभाळत होते. हसू नका. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी परदेशातून आगबोटीने उंदरांच्या काही जोड्या आणवल्या होत्या. दिसायला चारचौघांसारखे, बारीक, चपळ. पण त्यांच्या रक्तात खोट दडलेली. अशा दोन बारीक आईबापांच्या पोटी मधूनच एखादं पिल्लू असं निघायचं की थोड्या आठवड्यांत त्याचा नुसता गोळा व्हायचा. ते सारखं खायचं, सारखं पाणी प्यायचं, पिंजऱ्यातला भुसा कायम ओला. शेपटीतून थेंबभर रक्त काढून तपासलं तर साखरच साखर. कुणी त्याला गोड खिलवून आजारी पाडलेलं नव्हतं, ते जन्मतःच तसं होतं. म्हणून तर डॉक्टरांना ते हवे होते. माणसाला औषध देण्याआधी यांना देऊन बघायचं. या जाड्यांना स्वतःला पिल्लं होत नसत, त्यामुळे त्या बारीक आईबापांकडूनच पुढचा जाड्या निघायची वाट बघत बसायचं. आम्ही त्यांना 'जाडे'च म्हणायचो, आणि ते नेहमी थोडेच असायचे.

आई म्हणायची, "गणपतीच्या वाहनाला छळता, कुठे फेडाल हे?" पण बाबांना त्यांचा भलताच जिव्हाळा. मी संध्याकाळी चपला काढते न काढते तोच विचारायचे, "काय म्हणतात आमचे भाऊबंद?"

"खातायत."

"खाऊ दे गं. खाऊ दे बिचाऱ्यांना."

डॉक्टरांच्या मनात जांभळाच्या बिया भरल्या होत्या. त्या वाळवून, कुटून केलेली पूड. दिवसच तसे होते. मुंबईसह महाराष्ट्र झालाच पाहिजे, या घोषणेने आमच्या गल्लीत एक भिंत मोकळी राहिली नव्हती. डॉक्टरांना वाटायचं, औषधसुद्धा आपलंच निघालं पाहिजे. पोटात घ्यायचं, सुई नको, परदेशातून मागवायला नको. त्यांनी सगळ्या जाड्यांच्या खाण्यात, बेकरीतून येणाऱ्या पिठात, ती पूड मिसळायला लावली. मी म्हटलं, "डॉक्टर, निम्म्यांना बिनपुडीचं ठेवू या का? ताडून बघता येईल."

"आहेत किती आपल्याकडे? आधी गुण तर दिसू दे."

हे मी घरी सांगितलं तेव्हा बाबांनी खुर्ची पुढे ओढली. "म्हणजे तुझ्या जाड्यांना या पुडीने उतार पडला, तर मलाही पडेल?"

"तसं एकदम नसतं हो, बाबा."

"जाड्यांना उतार पडला की माझी सुई बंद. ठरलं."

"कुणी ठरवलं?"

"मी ठरवलं. दंड माझा आहे."

तेव्हापासून माझा जीव त्या पिंजऱ्यांत अडकला. उतार पडावा असंही वाटायचं आणि तो खोटा निघाला तर, अशी धास्तीही. शेपटीचं रक्त तपासताना मला उंदीर दिसतच नसे, बाबांचा दंड दिसायचा.

मग त्याच मागणीसाठी शहर बंद पडलं. ट्रामा थांबल्या, दुकानांना फळ्या लागल्या, अश्रुधुराने गल्लीतली म्हातारी माणसं खोकून बेजार झाली. परळ-लालबागकडे गोळीबार झाल्याच्या बातम्या यायच्या. कुणाचा तरी मुलगा पडला म्हणून कळायचं आणि सगळी चाळ चिडीचूप व्हायची. त्यात आपल्याला उंदरांची काळजी वाटते याची मला लाज वाटायची, आणि तरी वाटायचीच. मी गॅलरीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गॅलरीत अशा येरझाऱ्या घालत होते. शेवटी आई म्हणाली, "बस गं बाई एका जागी, मला भोवळ येते."

मी चपला घातल्या तर बाबा दारात आडवे झाले. "पाऊल बाहेर टाकायचं नाही. उंदीर काय, दुसरे मिळतील."

"नाही मिळत दुसरे! जाडे काय बाजारात मिळतात?"

"मग मरू देत. तू मरायचं नाहीस." असं म्हणून स्वतः मात्र संध्याकाळी सभेला गेले आणि घसा बसवून आले.

ट्रामा सुरू झाल्या त्या दिवशी मी प्रयोगशाळेचा जिना धावत चढले. मेलेल्या उंदरांचा वास येतोय का, हेच आधी नाकाने बघत होते. दार प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांनी उघडलं. उंदरांच्या खाण्यापिण्याचं काम या मामांकडे होतं. मूळचे मालवणकडचे, राहायला काळाचौकीला, आधी गिरणीत होते. दाढी वाढलेली, सदरा मळलेला. बंद सुरू झाला त्या दिवशी चालत आले होते ते घरी गेलेच नव्हते, उंदरांच्या खोलीशेजारीच पथारी टाकून राहिले होते. एकही उंदीर मेला नव्हता. एकही नाही! मी त्यांना वाकून नमस्कार करायचाच बाकी राहिला होता.

मग मी जाड्यांचं रक्त तपासलं. साखर उतरली होती. पुन्हा तपासलं, तरी उतरलेलीच. एकाची नाही, सगळ्या जाड्यांची. डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी स्वतः करून बघितलं आणि टेबलावर अशी मूठ आपटली की काचेच्या नळ्या खणखणल्या. "जांभूळ!" एवढंच म्हणाले.

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? डोळ्यांत पाणीच आलं. पण तेवढ्यातच आत काहीतरी खुपायला लागलं आणि काय खुपतंय ते कळेना. बंदच्या आधी इतके दिवस तीच पूड खाऊन ज्यांना ढिम्म फरक नव्हता, ते आम्ही कुणी नसताना बरे कसे झाले? घरी अवाक्षर काढायचं नाही, असं मी ठरवलं. आणखी थोडे दिवस तपासू, मग बघू.

पण डॉक्टर राहायचे आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, आणि संध्याकाळच्या सभेत ते आणि बाबा नेमके शेजारी शेजारी बसले. बाबा घरी आले ते हातात पेढ्यांचा पुडा घेऊनच.

"तुझे जाडे बरे झाले आणि घरच्यांना पत्ता नाही?" असं म्हणत एक पेढा आईच्या हातावर ठेवला, दुसरा स्वतःच्या तोंडात टाकला.

"बाबा!"

"काय बाबा? आपल्या मुंबईत, आपल्या माणसाने, आपल्या झाडाचं औषध शोधलं. तोंड गोड नको करायला?" दुसऱ्या दिवशी दूधवाला गेला आणि बाबा गॅलरीत गेलेच नाहीत. ऐटीत पेपर वाचत बसले. सिरिंजची डबी त्यांनी कपाटावर टाकून दिली होती. काष्ठौषधीच्या दुकानातून आणलेली पूड पाण्याबरोबर घेतली आणि ढेकर देऊन म्हणाले, "झालं. ना सुई, ना कसाई."

मी भांडले, रडले, दोन दिवस बोलले नाही. काही उपयोग झाला नाही. आई मात्र एका शब्दाने भांडली नाही. इन्शुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवलेली असायची, म्हणजे गार राहते. ते फडकं ती रोज ओलं करत राहिली. मी विचारलं तर म्हणाली, "राहू दे. कुठे जागा अडवतेय?"

पहिले काही दिवस बाबा खुशीत होते. मग पाणी सुरू झालं. जेवताना तांब्याभर, जेवल्यावर तांब्याभर, पेपर वाचताना शेजारी तांब्या. "घोषणांनी घसा सुकतो," म्हणायचे. कोटाची कॉलर मानेभोवती सैल दिसायला लागली. सभेहून येताना जिन्यात थांबायला लागले. लघवी तरी तपासू या, म्हटलं. निळं औषध घालून नळी तापवायची, साखर असली की त्याचा रंग विटेसारखा होतो, बाबांना ते सगळं पाठ होतं. म्हणाले, "बऱ्या झालेल्या माणसाला काय तपासायचं?" तो तांब्या बघून मला जे आठवायचं ते बोलायची माझी छाती होत नव्हती. आईची तरी कुठे होत होती! आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो आणि कामाला लागायचो.

प्रयोगशाळेतही मला चैन नव्हतं. जाड्यांची साखर अजून उतरलेलीच होती आणि तरी ते मला बघवत नव्हते. एके दिवशी उंदरांच्या खोलीत उभी होते. बारीक उंदीर आपले शांत, भुशात तोंड घालून झोपलेले. आणि जाडे? जाडे पिंजऱ्याच्या दाराला लटकत होते, तारा कुरतडत होते. जाड्यांना असं करताना मी कधी पाहिलं नव्हतं. ते कसे, भांड्यापुढे बैठक मारून खाणारे! हे असे लटकायला कधी लागले?

"मामा, हे असं का करतायत?"

"भुकेन, बाई," मामा झाडू मारता मारता म्हणाले.

"भुकेने? यांचं भांडं तर भरलेलं असतं ना?"

"आता नाय." मामा झाडू टेकून उभे राहिले. "बंदात बेकरी बंद, पीठ थोडा. मगे काय करतलंय? आमच्या चाळीत संपात करतंव तसा केलंय. जां आसा तां सगळ्यांका सारख्या. जाड्याक दुप्पट नि बारक्याक अर्ध्या, असा पंगतीत कोण वाढता? मगे बेकरी उघाडली, तरी तसाच ठेवलंय. बघा की, कसे पळूक लागले!"

सगळ्यांना सारखा वाटा! बारकं चिमूटभर खातं, त्याचं त्यात भागायचं. जाड्याचं मात्र त्या वाट्याने अर्धं पोटही भरत नव्हतं. खायलाच नाही, तर रक्तात साखर यायची कुठून? जांभळाने नाही, भुकेने उतरली होती ती. मामांवर चिडावं की त्यांच्या पाया पडावं, कळेना. वाटे सारखे केले नसते तर निम्मे पिंजरे रिकामे झाले असते. त्या दिवसांत हा माणूस स्वतः काय खात होता कुणास ठाऊक. आणि त्याच्या त्या सरळ मनाच्या वाढपामुळे तिकडे माझा बाप तांब्यामागून तांबे रिकामे करत होता.

डॉक्टर आधी उसळले. "कुणी सांगितलं होतं यांना पंगत वाढायला?" मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. शेवटी म्हणाले, "जाड्यांना पोटभर घाला. पूड चालू ठेवा. आणि तपासा."

तपासलं. साखर जिथून उतरली होती तिथे परत जाऊन बसली. उंदीर तेच, पूड तीच, फक्त भांडं भरलेलं.

त्या संध्याकाळी मी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ऐकतील. कसलं काय! "तुला ती सुई टोचायची चटकच लागलीय," म्हणाले.

"बाबा, ते उपाशी होते! औषधाचा काडीचा संबंध नाही!"

"बरं, मग मीही कमी खातो."

"तुम्ही? तुम्ही कमी खाणार? पेढे कुणी संपवले?" माझा आवाज इतका चढला की शेजारच्या काकू दारात डोकावल्या. "कपाळ माझं! अहो, मरायचंय का तुम्हांला?"

बाबा पांढरेफटक पडले. त्यांच्याशी घरात असं कुणी कधी बोललं नव्हतं. तांब्या उचलला, घटाघटा प्यायले, आणि म्हणाले, "मी माझ्या डोळ्यांनी बघेन. उद्या येतो तुझ्या परळला."

"या! आणि नाही आलात तर बघा!"

आले. कोट, टोपी, हातात काठी, जणू कुणाच्या घरी मुलगी बघायला आलेत. पण जिना चढताना मधल्या पायरीवर बसावं लागलं. मी खाली धावले तर हाताने दूर हो म्हणाले. वर आल्यावर मामांनी पेला भरून पाणी दिलं. ते संपवून त्यांनी दुसरा मागितला, मग तिसरा. तो तिसरा पेला हातात घेऊनच ते पिंजऱ्यांच्या खोलीत शिरले. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. "माझी घाई झाली," एवढंच त्यांना म्हणता आलं. बाबांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे.

ते एका जाड्यापुढे उभे होते. जाड्या पिंजऱ्यावर उलट्या टांगलेल्या बाटलीच्या नळीला तोंड लावून पीत होता. बाबा बघत राहिले. जाड्याने तोंड काढलं, दोन पावलं सरकला, परत फिरला आणि पुन्हा नळीला लागला.

"हा असाच पितो?"

"दिवसभर."

"पूड खाऊनही?"

"पूड खाऊनही, बाबा. आजच्या पिठातही आहे."

बाबा आणखी वाकले. जाड्याने पुन्हा तोंड काढलं, पुन्हा लावलं. बाबांनी आपल्या हातातल्या पेल्याकडे बघितलं. अर्धा संपला होता, आणि तो कधी प्यायलो हे त्यांना आठवत नव्हतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं.

"आमचे अण्णा असेच प्यायचे," ते म्हणाले. अण्णा म्हणजे माझे आजोबा. मग अगदी हळू, "याला कोण टोचतं गं?"

"कुणी नाही."

"का?"

"याला टोचलं तर नवं औषध लागू पडतंय की नाही, ते कसं कळणार?"

"मग याचं काय होतं?"

मी जाड्याची संपत आलेली बाटली काढून भरलेली लावली. बाबांनी पेला जपून स्टुलावर ठेवला, जाड्याच्या पिंजऱ्याला दोन बोटं लावली आणि म्हणाले, "चल घरी."

घरी आलो तर आईने न विचारताच कपाटावरची डबी काढली, फडक्यातली बाटली सोडवली. मी स्टोव्ह पेटवला. बाबा गॅलरीकडे वळलेच नाहीत. स्टोव्हसमोर पाट ओढून बसले, बाही पार खांद्यापर्यंत गुंडाळलेली. पातेल्यातल्या पाण्यावरून त्यांची नजर हलत नव्हती.

"अजून उकळलं नाही का गं?" ते म्हणाले. "किती वेळ लावतेस!"